काचपेटीतले रंग आणि त्यांची घराणी

रंग हा चित्रकाराचा प्रांत; सुरांची चाकरी करणाराने त्यात शिरू नये, असे कोणी म्हटले तर ते मला मान्यच करावे लागेल. परंतु आमच्या शास्त्रातल्या ‘राग’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी रंग असा आहे. एवढी सबब पुढे करून मी आज माशांच्या रंगांविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे वडील राजवाड्यावरचे गवई. तंबोरे, घराण्याच्या चिजांच्या वह्या आणि शिष्यमंडळी एवढाच वारसा त्यांनी मागे ठेवला. त्यात माशांच्या दोन काचपेट्यांची भर घातली ती मी. शिकवणीला येणारी मुले तंबोरा जुळेपर्यंत या पेट्यांपाशी उभी असतात आणि दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला असा की, ‘गुरुजी, हे सगळे एंजल मासेच ना? मग एक रुपेरी, एक काळा आणि एक सोनेरी, असे का?’ दुसरा प्रश्न बहुधा पालकांचा असतो. ‘पुस्तकातल्या चित्रात रेनबो मासा इंद्रधनुष्यासारखा दिसतो, आम्ही आणलेला मात्र पांढराफटक निघाला. दुकानदाराने फसवले काय?’ दोन्ही प्रश्न वरकरणी एकाच जातीचे दिसतात. उत्तरे मात्र अगदी निरनिराळ्या वाटांनी जातात, आणि खरी मौज तेथेच आहे.

आधी रंग येतो कोठून ते पाहू. माशाच्या कातडीत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पेशी असतात. काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. पिवळा, नारिंगी आणि तांबडा रंग पुष्कळसा कॅरोटिन वर्गातल्या द्रव्यांचा; ही द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही, ती त्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. रुपेरी चकाकी ही ग्वानीन नावाच्या द्रव्याच्या स्फटिकांवरून उजेड परतल्याने दिसते. निळा रंगही बहुधा असाच उजेडाचा खेळ असतो, तेथे निळे द्रव्य शोधून सापडणार नाही. काळ्या पेशीतले कण पसरले की मासा गडद दिसतो, ते मध्याशी गोळा झाले की फिकट. म्हणून दिवा लावल्याबरोबर पाहिलेला एंजल पुसट पट्ट्यांचा दिसतो आणि थोड्या वेळाने तेच पट्टे ठसठशीत होतात. स्वर तोच, पण आवाज लागायला वेळ लागतो, तशातला हा प्रकार.

आता एंजल माशाकडे वळू. याचे घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. शास्त्रीय नाव टेरोफायलम; ग्रीक भाषेत पंखाचे पान असा त्याचा अर्थ होतो. आपल्या पेट्यांत दिसतो त्याला स्केलारे म्हणतात, आणि १८२३ पासून तो शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ओरिनोको नदीकडचा उंच अंगाचा आल्टम हा त्याचा भाऊबंद. मूळ रानटी स्केलारे रुपेरी असून त्याच्या अंगावर काळे उभे पट्टे असतात, त्यांतला एक थेट डोळ्यावरून जातो. पाण्यात बुडालेल्या मुळ्या-फांद्यांच्या सावलीत हे पट्टे त्याला बेमालूम लपवतात. म्हणजे हा रंग शोभेचा नव्हे, जीव वाचवण्याचा आहे.

मग काळा, सोनेरी, संगमरवरी हे प्रकार आले कोठून? ते आले काचपेटीतून. कोणत्याही जातीत अधूनमधून जन्मतःच वेगळ्या रंगाचे एखादे पिल्लू निपजते. नदीत असे सोनेरी पिल्लू मोठ्या माशाच्या पोटात आधी जाईल. पेटीत त्याला शत्रू नाही, दोन वेळच्या अन्नाची ददात नाही, आणि कौतुक करणारा धनी समोर बसलेला. याला मी राजाश्रय म्हणतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या पैदासकारांनी काळ्या जाळीदार माशांचा वंश पुढे आणला आणि त्यातूनच संपूर्ण काळा एंजल मिळवला. संगमरवरी नक्षीचा मासा १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिकडेच पुढे आला. पुढे जोॲन नॉर्टन या अमेरिकन विदुषीने १९८०च्या दशकात लेखमाला लिहून या रंगांच्या आनुवंशिकतेचा हिशेब नीट मांडला.

तो हिशेब लयीच्या हिशेबासारखाच चोख आहे. काळेपणाचा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तर पिल्लू जाळीदार काळे होते. दोघांकडून आला तर कोळशासारखे काळे. दोन जाळीदार माशांची जोडी लावली तर शंभर पिल्लांत साधारण २५ काळी, ५० जाळीदार आणि २५ साधी रुपेरी निघावीत. पट्टे नाहीसे करणारा दुसरा एक गुण आहे. तो दुहेरी आला की लहानपणी कल्ल्याचे झाकण पारदर्शक राहते आणि आतली लाली गालावर आल्यासारखी दिसते. आज दुकानांत ‘कोई’ म्हणून मिळणारा पांढरा, काळा, नारिंगी एंजल हा सोनेरी-संगमरवरी गुण आणि हा पट्टे पुसणारा गुण दुहेरी, यांच्या मेळातून झाला आहे. डोक्यावरचा त्याचा नारिंगी रंग मात्र खाण्यावर आणि प्रकृतीवर पुष्कळसा अवलंबून असतो.

राजाश्रयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळ्याशी काळा जुळवीत गेले तर पिल्ले अशक्त निघतात आणि त्यांतली पुष्कळ दगावतात. म्हणून जाणते पैदासकार काळ्याची जोडी जाळीदाराशी लावतात. निम्मी पिल्ले काळी मिळतात आणि वंशही तगून राहतो.

रेनबो माशांची गोष्ट याच्या उलट आहे. हे मासे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि लगतच्या बेटांवरचे. यांचे रंग कोणा पैदासकाराने घडवले नाहीत, ते त्या त्या पाण्याने दिले. न्यू गिनीच्या पश्चिम टोकाकडे, इंडोनेशियाच्या मुलखात आयामारू नावाची सरोवरे आहेत. तेथील मासे मरिनस बूसमन या डच शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात गोळा केले. १९८० साली ॲलन आणि क्रॉस यांनी त्यांचे वर्णन करून बूसमनचे नाव त्यांना दिले. याचा नर पुढून निळा-करडा आणि मागून नारिंगी, जणू दोन माशांचे अर्धे अर्धे जोडले आहेत. जयापुरा शहराजवळच्या सेंतानी सरोवरातला नर आख्खा तांबडा. त्याचे वर्णन वेबर यांनी १९०७ साली केले. पापुआ न्यू गिनीतल्या कुतुबू सरोवरातला निळा. उत्तर ऑस्ट्रेलियातील ट्रायफॅसियाटा या एकाच जातीचे मासे तर नदीगणिक वेगळे रंग धरतात, आणि गॉयडर नदीतल्या नराचे तांबडे पर पाहण्यासारखे असतात. जात एक, पण प्रत्येक नदीचे घराणे निराळे!

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. दुकानदाराने फसवलेले नसते. दुकानात मिळतात ती दीड-दोन इंचांची पोरे. त्यांचा रंग भरायला बहुधा वर्षभर लागते. त्यातही झगमगाट नराचा, मादी साधीच राहते. माझ्या थोरल्या बहिणीने आणलेले सहा बूसमन मासे घरच्यांनी चार महिन्यांत परत करायला काढले होते. तिने ऐकले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांतले तीन नर असे रंगले की घरी येणारा पाहुणा आधी पेटीपाशी जाई. चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला म्हणून आपण त्याची शिकवणी बंद करीत नाही. येथेही तेवढाच धीर हवा.

या माशांना वेळेचेही भान असते. सकाळचा उजेड पेटीत शिरला की नर एकमेकांसमोर परांचे पिसारे उभारतात, कपाळावर एक उजळ रेघ लखलखते आणि अंगावरचे रंग दुप्पट गहिरे होतात. दुपारी तेच मासे साधे दिसतात. तोडी ऐकायची तर सकाळीच, तसे बूसमनही सकाळीच पाहावेत.

येथवर सारे आनंदाचे झाले. मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. एंजलचे सारे रंग काळजीपूर्वक सरमिसळ करून आणि निवड करून मिळाले. तीच सरमिसळ रेनबोच्या मुळावर येते. निरनिराळ्या सरोवरांचे रेनबो एका पेटीत ठेवले की ते आपसात जोड्या लावतात. पुष्कळदा त्यांची संतती पुढेही वाढते, आणि दोनतीन पिढ्यांत निळा धड निळा राहत नाही, नारिंगी धड नारिंगी राहत नाही. दुकानांतल्या बूसमन माशांत असे मिश्र आणि फिकट वंश पुष्कळ आहेत. शिवाय बूसमनचे मूळ घर म्हणजे थोडीशी सरोवरे. रंगीत नरांसाठी त्यांची तेथे फार धरपकड झाली आणि तो धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. नदीतला वंश आटला आणि पेटीतला मिसळला, तर तो रंग पुन्हा कोठून आणणार? एखाद्या घराण्याची चीज शेवटच्या जाणकाराबरोबर गेली म्हणजे काय होते, हे या शहरातल्या जुन्या मंडळींना मी सांगायला नको.

म्हणून परदेशातले चोखंदळ शौकीन रेनबो माशाच्या नावापुढे त्याच्या नदीचे किंवा सरोवराचे नाव लिहून ठेवतात आणि एका ठिकाणचे मासे दुसऱ्या ठिकाणच्यांत मिसळू देत नाहीत. आपणही एवढे सहज करू शकतो. रेनबो घेताना तो कोठला, हे दुकानदाराला विचारावे. एका पेटीत एकाच जागेचा वंश ठेवावा, आणि मिश्र पिल्ले झालीच तर ती शुद्ध म्हणून कोणाला देऊ नयेत. पेटी लांब असावी, तळाला गडद वाळू आणि मागे दाट वनस्पती असावी, कारण उघड्या पांढऱ्या पेटीत मासा रंग आवरून धरतो. खाण्यात कोरड्या दाण्यांबरोबर डॅफ्निया, आर्टेमिया आणि थोडी उकडलेली पालकाची पाने असू द्यावीत. एंजलला मऊ पाणी मानवते, तर चुनखडीच्या मुलखातल्या बूसमनला जड. तेव्हा दोघांना दोन पेट्या दिल्या तर उत्तमच.

नवीन पेटी आणण्याचा विचार ज्यांच्या घरी चालला असेल, त्यांनी या खेपेस दुकानातला सर्वांत भडक मासा सोडून कोपऱ्यातली फिकट, पण चपळ आणि निरोगी पोरे घरी आणावीत, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वाट पाहावी.