यंत्र शाळेंत आलें. शिक्षकास साहाय्य कोणाचें?

शाळेंत संगणक किंवा भिंतीवर चित्रें दाखविणारें यंत्र आलें, कीं साऱ्या गांवास आनंद होतो. आणि तो योग्यच होय. तथापि यंत्र विकत घेणें आणि त्याच्या योगें विद्या देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें खेड्यांतील मुलांस लहान संगणक वांटले. तेथील ३१९ शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगति झाल्याचें त्यांत आढळलें नाहीं. संगणकाचा अभ्यासक्रमाशीं मेळ घातला गेला नाहीं, हें त्याचें एक संभाव्य कारण सांगितलें गेलें.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पाहा. श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत शिक्षक झाले. तेथील मुलींची भाषा कानडी. म्हणून ते प्रथम ती भाषा शिकले. नंतर त्यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घातले. संकेतासमोर मोबाइल धरतांच कविता ऐकूं येई अथवा धड्याचें चित्रण दिसे. २०२० सालीं त्यांस १० लाख डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस देऊं केली. आधीं मूल, मग धडा आणि शेवटीं यंत्र, असा हा क्रम आहे.

परंतु प्रत्येक शिक्षकानें एकट्यानेंच ही वाट काढावी, अशी अपेक्षा न्याय्य नव्हे. त्यास तीन गोष्टी हव्यात. पहिली, यंत्रावर धडा बसवून पाहण्यास वेळापत्रकांत राखलेला तास. दुसरी, जाणकार सोबती. एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षां वर्गांत शेजारीं उभा राहून दाखविणारा सहशिक्षक अधिक उपयोगी पडतो. तिसरी, अभय. आमच्या कामठ्यासारख्या गांवीं यंत्र बिघडलें, तर दुरुस्तीस गोंदियाकडे पाहावें लागतें. भरपाई आपल्याच माथीं येईल, या भीतीनें शिक्षक यंत्र कपाटांत कुलुपबंद ठेवूं लागतो. शुभवर्तमानांतील भित्र्या दासानें धन्याचें द्रव्य जमिनींत पुरलें, तसेंच हें होय. यास्तव दुरुस्तीची रक्कम यंत्र घेतांनाच वेगळी काढावी.

विद्यार्थीमित्रहो, तारा जोडण्याची माहिती तुम्हांस असेल, तर गुरुजींस नम्रपणें साहाय्य करा. पालकहो, शाळेंत यंत्रें किती, असें विचारूं नका. या आठवड्यांत त्यांवर मूल काय शिकलें, हें विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर दोष देण्यापूर्वीं शिक्षकास काय हवें, तेंही विचारा.