विश्लेषण : उतारावर ब्रेक दाबूनही मिनी ट्रॅक्टर का घसरतो?

कोकणातील अनेक आंबा-काजूच्या बागा डोंगरउतारावर आहेत. पावसाळ्यात गवत माजते, जांभ्यावर शेवाळ धरते आणि त्याच दिवसांत झाडांना खत घालायचे असते. खताची ट्रॉली घेऊन उतरणाऱ्या मिनी ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला, की कधी कधी चाके थांबतात, ट्रॅक्टर मात्र थांबत नाही. दोष ब्रेकला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा ब्रेक ठणठणीत असतो, सुटलेली असते ती टायरची पकड.

नेमके काय होते?

बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढे सरकते, म्हणजे ज्या चाकांनी थांबवायचे तीच हलकी होतात. शिवाय स्वतःचा ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ते उतार लागण्यापूर्वीच जोडावे. मग इंजिनचा आणि मागच्या ब्रेकचा रोध पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. फोर व्हील फक्त चढावर लागते, हा समज महागात पडतो. लो गिअरही वरच टाकायचा. अर्ध्या उतारावर क्लच दाबला किंवा न्यूट्रल केले, की इंजिनची पकड गेली.

दोन पेडल कशासाठी?

शेतात कोपऱ्यावर चटकन वळता यावे म्हणून डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. उतारावर मात्र दोन्ही पेडल पट्टीने जोडलेलीच हवीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो, आणि आडवा झालेला अरुंद ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. पेडल जोडूनही तो एका बाजूला ओढत असेल, तर सपाट जागेवर ब्रेक दाबून दोन्ही टायरच्या खुणा पाहाव्यात. त्या कमी-जास्त दिसल्या तर मेकॅनिककडून ब्रेक सारखे करून घ्यावेत.

पकड वाढवायची कशी?

मागच्या टायरमध्ये पाणी भरणे हा स्वस्त उपाय. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के पाणी भरतात. वजन वाढते आणि तेही खालीच राहते. अर्थात नक्षी झिजलेल्या टायरला पाणी वाचवू शकत नाही. एकच चाक जागच्या जागी फिरत असेल तर डिफरेन्शियल लॉक कामाला येतो, पण वळण्याआधी तो सोडावा लागतो.

फांद्या लागतात म्हणून बागेत रोल बार दुमडला जातो. उतारावर जाताना तो उभा हवा आणि सीट बेल्ट लावलेला हवा. बार दुमडलेला असेल तर मात्र बेल्ट लावू नये, कारण ट्रॅक्टर उलटला तर चालक त्याखालीच अडकतो.