स्तन कर्करोगातील वर्तुळाकार आरएनएची भूमिका

प्रस्तावना

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तन कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. रोगाचा उपप्रकार कोणता, यावर उपचारांची दिशा ठरते. या उपप्रकारांच्या अभ्यासात वर्तुळाकार आरएनए या रेणूंना अलीकडे महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा परिचय करून दिला आहे.

स्वरूप

जनुकापासून प्रथम जो आरएनए तयार होतो, त्यातील अनावश्यक भाग गळून एक्झॉन क्रमाने जोडले जातात. या क्रियेस स्प्लायसिंग म्हणतात. काही वेळा मात्र पुढील एक्झॉनचे शेवटचे टोक मागील एक्झॉनच्या आरंभाशी जोडले जाते आणि बंद वर्तुळ तयार होते. मोकळी टोके नसल्यामुळे टोकाकडून आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना त्याचे सहजासहजी विघटन करता येत नाही. १९७६ मध्ये व्हायरॉइडमध्ये आणि १९७९ मध्ये प्रगत पेशींच्या पेशीद्रवात अशी वर्तुळे दिसली होती. परंतु त्यानंतर दीर्घकाळ ती स्प्लायसिंगमधील चुकीची उपज मानली गेली. २०१२-१३ च्या सुमारास हे मत बदलले.

कार्य

सीडीआर-१-एएस या वर्तुळावर मायक्रोआरएनए-७ साठी ७० हून अधिक बंधनस्थाने आहेत, असे २०१३ मध्ये दिसून आले. त्यावरून 'स्पंज' ही कल्पना रूढ झाली. वर्तुळ मायक्रोआरएनएला अडकवून ठेवते व त्यामुळे इतर जनुकांवरील नियंत्रण सैल होते, असा तिचा आशय होय. स्तन कर्करोगावरील पुष्कळसे शोधनिबंध याच साच्यातील आहेत. तथापि बहुतेक वर्तुळांवर बंधनस्थाने मोजकी असतात आणि पेशीतील त्यांची संख्याही अल्प असते. म्हणून असे प्रत्येक प्रतिपादन जपूनच स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. फॉक्सओ-३ जनुकाचे वर्तुळ स्पंजहून निराळ्या रीतीने कार्य करते. ते पी-५३ व एमडीएम-२ या प्रथिनांशी जोडले जाऊन पेशीमृत्यूस चालना देते. स्तनाच्या अर्बुदात त्याचे प्रमाण घटलेले आढळते.

तिहेरी नकारात्मक प्रकार व एचईआर-२

ज्या अर्बुदात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही आढळत नाहीत आणि एचईआर-२ प्रथिनाचेही आधिक्य नसते, त्यास तिहेरी नकारात्मक म्हणतात. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून अधिक आहे. अशा रुग्णास पूर्वी एचईआर-२ विरोधी औषधे दिली जात नसत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने येथेच प्रश्न उपस्थित केला. एचईआर-२ जनुकाच्या वर्तुळाकार आरएनएपासून १०३ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन तयार होते आणि ते तिहेरी नकारात्मक ठरलेल्या काही अर्बुदांतही असते, असे त्यात आढळले. नेहमीच्या तपासणीतील प्रचलित प्रतिपिंडे मूळ प्रथिनाचा पेशीच्या आतील भाग ओळखतात. हे लहान प्रथिन बाहेरील भागाशी साम्य राखते. साहजिकच ते तपासणीतून निसटते. ते ईजीएफआर व एचईआर-३ यांची जोडी जमवून पेशीवाढीस उत्तेजन देते, आणि पर्ट्युझुमॅब हे औषध या क्रियेस अटकाव करते. 'नकारात्मक' हा निष्कर्ष तपासणीच्या पद्धतीवर किती अवलंबून असतो, हे यातून कळते. अर्थात ही निरीक्षणे प्रयोगशाळेतील पेशी व उंदीर यांच्यावरील आहेत; या रुग्णांना पर्ट्युझुमॅब द्यावे की नाही, हे रुग्णांवरील चाचण्यांनीच ठरेल.