उडी मारण्याआधी

मेक्सिकोतल्या युकातानच्या जंगल-सहलीचा बेत ठरलेला असतो: झिपलाइन, दोरावरून उतरणे, सेनोटेत पोहणे आणि शेवटी ‘माया संस्कृती’ म्हणून कोपालच्या धुपाचा धूर. खरे तर यातली संस्कृती धुरात कमी आणि पाण्यात जास्त आहे. द्वीपकल्पाचा उत्तर भाग चुनखडीचा, त्यामुळे पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली मुरते. जमिनीवर नदी जवळपास नाहीच. गुहेचे छत कोसळून उघडी पडलेली नैसर्गिक विहीर म्हणजे सेनोटे, आणि वस्ती तिच्याच आधाराने वाढली. चिचेन इत्सा या प्राचीन माया नगराच्या नावाचा अर्थच ‘इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी’. तिथल्या पवित्र सेनोटेतून जेड, सोने आणि माणसांची हाडे निघाली आहेत.

पर्यटकांपुढचा हा धुपाचा विधी म्हणजे निव्वळ नाटक, असा आक्षेप घेतला जातो. काही ठिकाणी तो रास्तही आहे. पण म्हणून माया संस्कृती अवशेषांपुरतीच उरली, हे मात्र पटत नाही. २०२०च्या जनगणनेत युकातेक माया बोलणारे साडेसात लाखांहून अधिक भरले. पावसाचा देव चाक याला मक्याचे शेतकरी आजही गाऱ्हाणे घालतात, समोर कॅमेरा असो वा नसो. कोबाच्या माया अवशेषांजवळ पुंता लागुना इथे तर माकडांचे जंगल माया गावकरीच राखतात आणि वाटाडेही तेच असतात. सहल निवडताना असे गाव आधी पाहावे. आणि सनस्क्रीन फासून सेनोटेत उतरू नये. जमिनीखालून वाहणारे हेच पाणी पुढे लोक पितात.