सोंबोरहून फातोर्ड्याला, आणि नागपूरहून कुठे?

सर्बियाची २०२२ची जनगणना सांगते की त्या देशात साधारण साडेसहासष्ट लाख माणसं राहतात. आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत २०११ सालीच २ कोटी ३० लाख लोक होते. म्हणजे तीन सर्बिया विदर्भात मावतील आणि वर जागा उरेल. तरीही स्पेनपासून जपानपर्यंत व्यावसायिक फुटबॉलच्या कुठल्याही यादीवर बोट ठेवा, ‘-इच’ने संपणारं एखादं आडनाव सापडतंच. असंच एक नाव अलीकडे मडगावच्या फातोर्डा मैदानावर घुमलं: देयान द्राझिच.

द्राझिचचा जन्म सप्टेंबर १९९५चा, उत्तर सर्बियातल्या सोंबोर गावचा. बेलग्रेडच्या ओएफके बेओग्राद या क्लबातून तो पुढे आला आणि २०१५मध्ये, विशी गाठता गाठता, स्पेनच्या सेल्टा विगोत दाखल झाला. स्पेनमध्ये पाय रोवता आले नाहीत. मध्ये काही काळ उसनवारीवर वायाडोलिडलाही धाडला गेला. मग स्लोव्हाकियातलं स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, पोलंडमधलं लुबिन, हंगेरीतलं होनवेड, सायप्रसमधलं एथनिकोस आख्ना. २०२४च्या उन्हाळ्यात तो एफसी गोवामध्ये आला. तेव्हा वय होतं अठ्ठावीस आणि पायाखालून पाच देश गेलेले.

ही यादी वाचून ‘कुठेच टिकला नाही’ असं म्हणायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. फिरतं राहणं हाच या धंद्याचा नेहमीचा आकार. रोनाल्डो-मेस्सी हे अपवाद. जगातले बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटू एक-दोन वर्षांच्या करारावर जगतात आणि मोसम संपत आला की दलालाच्या फोनची वाट पाहतात. त्यात एफसी गोवा ज्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळतो, तिच्या मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. म्हणून परदेशी माणसाला शिकायला सवड नसते. त्याने आल्या आल्या फरक पाडून दाखवायचा, नाहीतर पुढच्या मोसमात त्याची खुर्ची दुसऱ्याला.

द्राझिचने फरक पाडला. मे २०२५मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. दोन गोल बोर्हा हेरेराचे, तिसरा द्राझिचचा. त्या विजयाने आशियाई स्पर्धेच्या पात्रता सामन्याचं दार उघडलं. ऑगस्टमध्ये फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीबविरुद्ध २-१ असा विजय मिळाला, त्यातला पहिला गोल पुन्हा त्याचाच. त्यामुळेच ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल नस्र गोव्यात येऊन खेळला. त्या संघाचा रोनाल्डो आला नाही ही गोष्ट वेगळी.

आता प्रश्न असा, की एवढासा देश एवढे खेळाडू बाहेर कसे पाठवतो? उत्तर थोडं इतिहासात आहे, जास्त हिशेबात. युगोस्लाव्हियाच्या काळात खेळाडूने अठ्ठावीस वर्षांचा झाल्याशिवाय परदेशी क्लबात जायचं नाही असा नियम होता, त्यामुळे देशातली लीग भरगच्च राहिली. १९९१मध्ये बारी इथे बेलग्रेडच्या रेड स्टारने मार्सेलला हरवून युरोपियन कप जिंकला तो त्या साठ्याच्या जोरावर. मग देश फुटला, युद्ध पेटलं, १९९२मध्ये निर्बंध आले, आणि विजेता संघ पाहता पाहता इटली-स्पेनमध्ये पांगला. १९९५च्या बोसमान निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघात मोकळं केलं आणि बाजाराचा वेग आणखी वाढला. तेव्हापासून सर्बियन क्लबांचं अर्थकारण तिकिटांवर कमी आणि पोरं घडवून विकण्यावर जास्त चालतं. द्राझिचच्याच ओएफकेमधून ब्रानिस्लाव्ह इव्हानोविच २००६मध्ये मॉस्कोला गेला आणि पुढे चेल्सीचा आधार झाला. अलेक्सांदर कोलारोव्ह २००७मध्ये लाझिओला आणि तिथून मँचेस्टर सिटीला.

यातली खरी मेख फिफाच्या नियमावलीत आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतले पाच टक्के, त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयासाठी दरवर्षी पाव टक्का, सोळा ते तेवीससाठी दरवर्षी अर्धा टक्का. म्हणजे एखाद्या छोट्या क्लबाने पोराला पंधराव्या वर्षापर्यंत चार मोसम खेळवलं आणि पुढे कधीतरी तो दहा कोटींना विकला गेला, तर त्या क्लबाला दहा लाख मिळतात. पहिला व्यावसायिक करार झाला की प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. अट एकच: त्या त्या वर्षी पोराची नोंदणी त्या क्लबाच्या नावावर असायला हवी. सोंबोरसारख्या गावात बारा वर्षांच्या मुलाचा कागद जपून ठेवतात, कारण तो कधीतरी हुंडीसारखा वटू शकतो.

पैशाइतकीच महत्त्वाची असते ती एकाने दुसऱ्यासाठी पाडलेली वाट. द्रागान स्टोइकोविच १९९४मध्ये जपानच्या नागोयात गेला, पुढच्याच वर्षी जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१०मध्ये प्रशिक्षक म्हणून नागोयाला विजेतेपद मिळवून दिलं. मिहाइलो पेत्रोविच २००६मध्ये हिरोशिमाचा प्रशिक्षक झाला आणि सहायक म्हणून त्याने रांको पोपोविचला बोलावलं. हाच पोपोविच २०१७मध्ये पुण्याच्या बालेवाडीत उतरला. ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझमधून १९९८ आणि १९९९ची विजेतेपदं जिंकलेला बचावपटू, पुढे टोकियो, ओसाका, झारागोझा, बुरिराम अशा मुक्कामांचा प्रशिक्षक. त्याच्या हाताखाली एफसी पुणे सिटी २०१७-१८मध्ये पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. पोपोविच एका मोसमानंतर निघाला. २०१९मध्ये पुण्याचा संघच गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.

गोव्यात तर सर्बियन माणूस द्राझिचच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. झोरान जोर्जेविचच्या प्रशिक्षणाखाली चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ची आय-लीग जिंकली; ओडाफा ओकोलीने त्या मोसमात २६ गोल ठोकले. जोर्जेविच पुढे बांगलादेशला गेला, २०१०च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून दिलं, आणि २०१२मध्ये नुकत्याच जन्मलेल्या दक्षिण सुदानच्या राष्ट्रीय संघाला उभं करायला निघाला. त्याही मागे जायचं तर मिलोव्हान चिरिच: रेड स्टारचा जुना खेळाडू, ज्याच्या हाताखाली भारत १९८४च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला.

आता नागपूर. इथे फुटबॉल नाही असं कोणी म्हणू नये. शेजारच्या कामठीची छावणी १८२१ची. गोऱ्या शिपायांचा खेळ तिथल्या मोहल्ल्यांनी उचलला आणि रब्बानीसारख्या क्लबांनी तो टिकवला. आणि २००१मध्ये हिस्लॉप कॉलेजच्या क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांनी पावसात तुटक्या बादलीला लाथाडणारी वस्तीतली पोरं पाहिली, त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. पुढे त्याची ‘स्लम सॉकर’ संस्था झाली, २०१६मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२मध्ये नागराज मंजुळेंनी त्यावर ‘झुंड’ हा चित्रपट काढला. याच वाटेने नागपूरची पोरं होमलेस वर्ल्ड कपला परदेशी जाऊन आली. योगायोग असा की ही स्पर्धा २००३मध्ये पहिल्यांदा भरली ती ग्राझमध्ये, पोपोविचच्या विजेतेपदांच्या गावी.

पण त्या स्पर्धेचा एक नियम आहे. खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात उतरता येतं. स्पर्धेच्या हेतूला तो साजेसाच आहे, कारण जास्तीत जास्त बेघर माणसांना संधी मिळावी ही त्यामागची भूमिका. स्लम सॉकरचं कामही व्यसन, शाळागळती, मुलींचा सहभाग यांच्याशी झुंजण्याचं आहे. व्यावसायिक खेळाडू पुरवण्याचा कारखाना होणं हे त्याचं कामच नाही. अडचण ही, की ते सोडून दुसरी शिडी विदर्भात कोणी बांधली नाही. एका प्रवासाने आयुष्य बदलू शकतं, कारकीर्द घडत नाही. द्राझिचची कारकीर्द पहिल्या विमानाने घडली नाही. स्पेनमध्ये जमलं नाही तेव्हा स्लोव्हाकियाचं दार उघडं होतं, म्हणून घडली.

शिडी बांधता येते याचा दाखला नागपुरातच आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशन ही स्वतंत्र संस्था; तिचा स्वतःचा संघ, जामठ्याचं मैदान, वयोगटांच्या स्पर्धा. त्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी जिंकली. खापरखेड्याच्या उमेश यादवला कसोटी खेळायला मुंबईकर व्हावं लागलं नाही. फुटबॉलमध्ये मात्र नागपूर जिल्हा संघटना मुंबईस्थित राज्य संघटनेच्या छत्राखाली येते, आणि पुण्याचा संघ गेल्यापासून आयएसएलमध्ये राज्याचा एकच क्लब उरला, तोही मुंबईचा. गोव्याची लोकसंख्या नागपूर जिल्ह्याच्या निम्मीही नाही, पण तिथे स्वतःची संघटना आहे, जुने क्लब आहेत आणि द्राझिचला आणणारा संघ आहे.

त्या वरच्या मजल्याची, म्हणजे आयएसएलचीही हमी नाही, हेही सांगितलं पाहिजे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्यात २०१०मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार २०२५च्या अखेरीस संपत आला, आणि त्या जुलैत आयएसएलचा नवा मोसमच स्थगित झाला. देशी-परदेशी सगळेच खेळाडू टांगणीला लागले. पण अशा वेळी सर्बियन खेळाडूकडे दुसऱ्या पाच देशांतली ओळख असते; आपल्याकडच्या पोराकडे वरच्या पातळीची तेवढी एकच लीग.

म्हणून नागपूरला आधी आयएसएलचा संघ हवा, हे मागणं उलट्या टोकाने सुरू होतं. सुरुवात होऊ शकते ती कामठी, मोमीनपुरा, बोखाऱ्याच्या मैदानांवर: बारा वर्षांच्या प्रत्येक पोराची क्लबनिशी महासंघाच्या प्रणालीत नोंद, दरवर्षी तिचं नूतनीकरण, तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालच्या मुलांची आठ महिने चालणारी जिल्हा लीग. याला स्टेडियम लागत नाही, प्रायोजकही फारसा लागत नाही; चिकाटीने कागद सांभाळणारा एक सचिव लागतो. दहा वर्षांनी यातला एखादा जरी गोव्यामार्गे ब्रातिस्लाव्हाच्या संघात गेला, तर त्याच्या बदलीच्या पैशातला वाटा कामठीच्या क्लबात यायला हवा, आणि पुढच्या पोरासाठी तिकडे ओळखीचा एक माणूस असायला हवा. सर्बियाने गेली तीस वर्षं केलं ते एवढंच, मात्र खंड पडू न देता.