दीर्घिकाही म्हाताऱ्या होतात

मागच्या आठवड्यात आपण हबल यांची दीर्घिकांची वर्गवारी पाहिली. काही लंबवर्तुळाकार, काही सर्पिल, उरलेल्या वेड्यावाकड्या. या वर्गवारीत काळाला जागाच नव्हती. आज जशी दिसते तशीच दीर्घिका अब्जावधी वर्षांपूर्वी दिसत होती का? या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देण्याचा पहिला भक्कम प्रयत्न बिअट्रिस टिन्सली यांचा.

टिन्सली १९४१ साली इंग्लंडमधल्या चेस्टरला जन्मल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे १९६३ मध्ये त्या डॅलसला आल्या. पीएच.डी. करायची तर विद्यापीठ होतं ऑस्टिनला, सुमारे तीनशे किलोमीटरवर. ये-जा करत त्यांनी दोन-तीन वर्षांतच प्रबंध पुरा केला.

प्रबंधातली कल्पना अशी, की गावाची खानेसुमारी करतात तशी दीर्घिकेतल्या ताऱ्यांची करायची. वायूतून तारे जन्मतात; जड थोडे, हलके पुष्कळ. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा हजारो पट तेजाने, निळा जळतो आणि दोन-तीन कोटी वर्षांत संपतो. सूर्यासारख्याला हजार कोटी वर्षं पुरतात. मरताना तारे आपल्या पोटात शिजलेली जड मूलद्रव्यं वायूत परत टाकतात आणि पुढची पिढी त्या वायूतून घडते. टिन्सलींनी हा सगळा जमाखर्च संगणकावर चढवला: प्रत्येक टप्प्याला जन्मले किती, मेले किती, आणि उरलेल्यांचा मिळून रंग आणि तेज किती. ताऱ्यांचा जन्म थांबला की निळे आधी जातात, दीर्घिका लालसर होते आणि मंदावत जाते.

एवढ्यावर कुणाचं पोट दुखायचं कारण नव्हतं. पण पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीवर ॲलन सँडेज वर्षानुवर्षं एक मोठं मोजमाप करत होते. विश्वाचं प्रसरण किती वेगाने मंदावतंय हे काढायला ते दीर्घिकांच्या समूहांतली सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका प्रमाण दिवा म्हणून वापरत. दिवा मंद दिसतो तितका तो दूर, हा त्यामागचा हिशोब. टिन्सली म्हणाल्या, दूरची दीर्घिका म्हणजे जुन्या काळातली, तरुण दीर्घिका. ती तेव्हा मुळातच जास्त तेजस्वी असणार. त्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती इतकी मोठी निघत होती, की विश्व एक दिवस आकुंचन पावेल की कायम पसरत राहील, हा निकालच तिने फिरावा. सँडेज यांच्या मते ही दुरुस्ती किरकोळ होती, आणि वाद बराच चालला. माझ्या मते टिन्सलींचं सर्वांत महत्त्वाचं काम हेच: त्यांनी एका मोजपट्टीची लांबीच बदलते हे दाखवून दिलं. १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं, तेव्हा प्रमाण दिवे म्हणून दीर्घिका नव्हे, तर एका जातीचे अतिनवतारे वापरलेले होते.

१९७५ मध्ये त्या येल विद्यापीठात आल्या. तिथे रिचर्ड लार्सन यांच्याबरोबर १९७८ मध्ये लिहिलेला निबंध मला विशेष आवडतो. एका बाजूला हबल ॲटलासमधल्या सालस दीर्घिका, दुसऱ्या बाजूला हॉल्टन आर्प यांनी जमवलेल्या शेपट्या फुटलेल्या, वाकलेल्या, एकमेकींत घुसलेल्या. दोन्हींच्या रंगांचे आलेख काढले, तर सालस दीर्घिकांचे ठिपके एका अरुंद पट्ट्यात बसले आणि आर्प यांच्या दीर्घिकांचे भलतीकडे विखुरले. त्यांनी काढलेला अर्थ असा, की टक्कर झाली की वायू ढवळतो आणि अवघ्या दोनेक कोटी वर्षांत ताऱ्यांचं अमाप पीक येतं. ‘ताराजन्माचा स्फोट’ ही आज सहज वापरली जाणारी कल्पना या निबंधामुळे पक्की रुजली.

त्याच वर्षी येलने त्यांना प्राध्यापक केलं आणि त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगाचं निदान झालं. उजवा हात चालेना, तेव्हा त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. मार्च १९८१ मध्ये, चाळिशीत, त्या गेल्या.

दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिचं वय आणि तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान काढायच्या आजच्या पद्धतीला ‘तारासमूह संश्लेषण’ म्हणता येईल. ब्रुझुअल आणि शार्लो यांच्या संगणकप्रणालीसारखी तिची साधनं सर्रास वापरात आहेत, आणि त्यांचा पाया टिन्सलींचा जमाखर्चच आहे. जेम्स वेब दुर्बिणीला अगदी आरंभीच्या काळातल्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा जड दिसल्या, तेव्हा या हिशोबावरही वाद झाला: तेव्हा जड आणि हलक्या ताऱ्यांचं प्रमाण आजच्यासारखंच होतं, हे धरून चालायचं का?

टक्करीत दीर्घिकांना शेपट्या कशा फुटतात, हे टूमरे बंधूंनी १९७२ मध्येच गणिताने दाखवलं होतं. पुढच्या लेखात ते पाहू.