विल्सनबाईंची शाळा

गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं की विल्सन कॉलेजची दगडी इमारत लगेच नजरेत भरते. ती १८८९ सालची. कॉलेजला नाव दिलंय ते जॉन विल्सन यांचं. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, मराठी-संस्कृत जाणणारे, पारशी धर्मग्रंथांचे अभ्यासक आणि १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले गृहस्थ. तिथून रमतगमत गेलं तरी थोड्याच वेळात गावदेवीला पोचता येतं. गावदेवीत सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आहे. तिचा जन्म १८३२ चा. विल्सन कॉलेज ज्या शाळेतून वाढलं, ती अंब्रोलीची शाळाही त्याच साली सुरू झाली. मुलींची शाळा काढली मार्गारेट विल्सन यांनी. त्या जॉन यांच्या पत्नी. एका घरातून एकाच साली दोन शाळा निघाल्या. एकीला पुढे घरधन्याचं नाव मिळालं, दुसरीला एका आयरिश संताचं.

मी हे लिहितो आहे ते राजगडाच्या पायथ्याशी, पालीत बसून. भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात मिशनचं काम फार उशिरा आलं. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनने पुढे नसरापूरच्या बाजूला ठाणं केलं, तेव्हा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेला दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या. तरी इथल्या मुलींच्या शिक्षणाची वाट मागे शोधत गेलं तर ती पुण्यावरून जाते, आणि पुण्याहून आणखी मागे जाताना ती कोकणच्या किनाऱ्यावर, बाणकोट-हर्णैला पोचते. म्हणून गावदेवीची शाळा मला परकी वाटत नाही.

मार्गारेट बेन यांचा जन्म १७९५ चा, ग्लासगोजवळच्या ग्रीनॉक बंदरातला. वडील केनेथ बेन गेलिक भाषेतून उपासना चालवणारे धर्मोपदेशक. ऑगस्ट १८२८ मध्ये त्यांचं जॉन विल्सन यांच्याशी लग्न झालं. नवरा तेवीस वर्षांचा, बायको तेहतीस वर्षांची झालेली नव्हती इतकंच. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघं जहाजात बसली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा प्रवास तेव्हा पाच-सहा महिने खायचा. लग्न झाल्यावर या जोडप्याने पहिला संसार मांडला तो जहाजावरच.

त्यांच्याआधी इथे कुणी आलं नव्हतं असं नाही. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल व रोक्साना नॉट हे दांपत्य ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोचले होते. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडायचे प्रयत्नही झाले. नॉट दांपत्य दोन-तीन वर्षांत परतलं. हॉल राहिले, त्यांनी मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी लग्न केलं. १८२५ मध्ये आजारी मुलांसाठी त्यांच्या पत्नीला अमेरिकेला निघावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना हॉल पटकीने वाटेतच गेले. शेवटी जवळ बायको नव्हती, मुलं नव्हती. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली ती याच अमेरिकन मिशनने, त्यामुळे ‘मुंबईतली पहिली मुलींची शाळा विल्सनबाईंची’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते बरोबर नाही. पहिलेपणाचा मान त्यांना देण्याची गरजही नाही. त्यांनी केलं ते त्याशिवायच पुरेसं मोठं आहे.

मुंबईत पाय ठेवल्यावर विल्सन दांपत्याने पहिलं काम हाती घेतलं ते मराठी शिकण्याचं. स्कॉटिश मिशनची मंडळी १८२३ पासून बाणकोट आणि हर्णै इथे होती. बाणकोट सावित्रीच्या मुखावर; हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग. दोघांनी सुरुवातीचे महिने तिकडे काढले, पंडिताकडून भाषा घेतली. जॉन काही महिन्यांतच मराठीतून भाषण करू लागले. मार्गारेटबाईंची मराठी मात्र व्यासपीठावरची नव्हती, आणि माझ्या मते म्हणूनच ती महत्त्वाची. पुरुष मिशनरी चावडीवर, बाजारात, देवळाच्या ओट्यावर बोलायचा. माजघरापर्यंत त्याचा शब्द पोचत नसे, पोचणं शक्यही नव्हतं. मुलगी शाळेत धाडायची की नाही हे ठरायचं माजघरात, आजी-आईच्या संमतीने. तिथवर जाऊ शकणारी मिशनमधली एकमेव व्यक्ती म्हणजे मिशनऱ्याची बायको. मिशनऱ्यांना सपत्नीक पाठवण्यामागचा व्यवहार इथे उलगडतो. बाईला वेगळी नेमणूक नाही, वेगळा पगार नाही. पण तिच्यावाचून अर्धं गाव मिशनला बंद होतं.

तेव्हाच्या मुलींच्या शाळा कशा होत्या, हे आजच्या इमारतीवरून कळायचं नाही. भाड्याची खोली किंवा कुणाच्या घराची ओसरी, शिकवायला बहुधा पुरुष पंतोजी, कारण शिकवू शकणारी बाई मिळणार कुठून? मिशनरीण बाई एका शाळेतून दुसरीत फिरायची, वाचन ऐकायची, हिशेब तपासायची. शिकवायचं ते मराठी लिहिणं-वाचणं, थोडं गणित, शिवणकाम, आणि बायबलमधल्या गोष्टी. मुली यायच्या सहा-सात वर्षांच्या, आणि नऊ-दहाव्या वर्षी लग्न ठरलं की जायच्या. एखादी मुलगी नीट वाचू लागली, म्हणेपर्यंत तिची पाटी घरी परत जायची. दरवर्षी पुन्हा ‘ग म भ न’पासून. मार्गारेटबाईंनी आल्या वर्षीच अशा शाळा उघडायला सुरुवात केली आणि लवकरच मुंबईच्या निरनिराळ्या भागांत त्यांच्या अनेक शाळा चालू झाल्या. त्याच वेळी घरात बाळंतपणं होती, आजारपणं होती, पाहुणे होते, आणि जॉननी १८३० मध्ये काढलेल्या ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ या मासिकासाठी लिहिणंही होतं.

या शाळांचा हेतू धर्मांतराचा होता, हे स्पष्ट लिहायला हवं. त्यात लपवाछपवी कुणीच केली नव्हती. मिशनने नाही आणि इथल्या लोकांनीही नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी जॉन विल्सनशी जाहीर वाद घातला, हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं. विल्सननी त्याला उत्तर छापलं. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिल्यावर शहरात वादळ उठलं, प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींच्या धर्मांतरापाठोपाठ त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण पेटलं, आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. आपलं मूल आपल्यापासून तुटेल ही आईबापांची भीती खरी होती. ती खोटी ठरवून मिशनचं गुणगान करणं मला पटत नाही. आणि त्या भीतीचं कारण पुढे करून, मुलीच्या हातात पहिल्यांदा पाटी देणाऱ्या बाईला इतिहासातून वगळणंही पटत नाही.

किंमत कुणी किती मोजली, हेही पाहायला हवं. विल्सन दांपत्याचा मुलगा अँड्र्यू १८३१ मध्ये मुंबईत जन्मला. हवा मानवणार नाही म्हणून त्याला लहानपणीच स्कॉटलंडला नातेवाइकांकडे धाडलं. अशा घरांत हे नेहमीचंच होतं. आईने परक्यांच्या मुली शिकवायच्या आणि आपलं मूल सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे वाढायचं. हा अँड्र्यू पुढे पत्रकार आणि प्रवासी झाला; हिमालयावरचं त्याचं ‘द अबोड ऑफ स्नो’ हे पुस्तक १८७५ मध्ये निघालं. वडिलांची आणि त्याची मोठेपणी मुंबईत भेट झाली. आईशी मात्र नाही.

कारण मार्गारेटबाई मुंबईत फक्त सहा वर्षं जगल्या. १८३५ च्या सुरुवातीला जॉन गुजरात-काठेवाडच्या लांब दौऱ्यावर होते. याच दौऱ्यात त्यांनी गिरनारचा शिलालेख पाहिला. त्याचा ठसा पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेला आणि अशोकाच्या लेखांचं वाचन पुढे सरकलं. विद्वानांच्या इतिहासात या दौऱ्याचा उल्लेख हटकून येतो. मागे मुंबईत शाळांची देखरेख कुणाकडे होती, हे त्या इतिहासात येत नाही. जॉन परतल्यावर थोड्याच दिवसांनी, १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई गेल्या. वय एकोणचाळीस. तीन वर्षांनी जॉननी त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्या काळच्या नवऱ्याने बायकोच्या कामावर स्वतंत्र ग्रंथ लिहावा ही साधी गोष्ट नव्हती, आणि जॉन विल्सन यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो कुलगुरुपदापेक्षा या पुस्तकामुळे अधिक.

शाळा मोडल्या नाहीत. १८३७ मध्ये मार्गारेटबाईंच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे बेन, ग्रीनॉकहून मुंबईला आल्या आणि बहिणीच्या शाळा त्यांनी चालवायला घेतल्या. हे यांनी पुढे रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याशी लग्न केलं. अ‍ॅना काही वर्षांतच वारल्या. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. विल्सन फ्री चर्चबरोबर गेले आणि मुंबईत त्यांना जागा-जुगा सोडून नव्याने उभं राहावं लागलं. १८४६ मध्ये त्यांनी इसाबेला डेनिस्टन यांच्याशी दुसरा विवाह केला. इसाबेलाबाईंनी मुलींच्या शाळांचं काम पुन्हा अंगावर घेतलं आणि १८६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं. म्हणजे पस्तीस-अडतीस वर्षांत एकाच घरातल्या चार बायका या कामात खपल्या.

विल्सन यांच्या घराचं दार किती उघडं होतं याची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेहून स्वतःची छोटी आगबोट हाकत मुंबईला आला. त्याच्याबरोबर चुमा आणि विकाटानी ही गुलामगिरीतून सुटलेली मुलं होती. त्यांना त्याने विल्सन यांच्या शाळेत ठेवलं; मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत मरण पावला, तेव्हा त्याचा देह महिनोन्‌महिने पायी वाहून किनाऱ्याला आणणाऱ्यांत हा चुमा होता.

आता पुण्याकडे यायचं. स्कॉटिश मिशनचे जेम्स मिचेल कोकणातून पुण्याला आले आणि त्यांची पत्नीही त्यांच्याबरोबर मुलींच्या शिक्षणाच्या कामात होती. पुण्याच्या याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईला आल्या होत्या. त्या अविवाहित होत्या, आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या ओळखीने जोतीरावांनी नगरची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंनी नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात.

बाणकोट, मुंबई, नगर, पुणे असा हा धागा आहे. पण जे मिशनला जमलं नाही ते फुले दांपत्याने केलं. मिशनच्या शाळेत जायचं तर आपला धर्म जाईल ही धास्ती होती. भिडे वाड्यातली फुल्यांची शाळा आपल्याच माणसांची होती, तिथे शिकवणारी बाई मराठी होती, आणि शिकायचं ते बाटण्याच्या अटीवर नव्हतं. जोतीराव मिशनऱ्यांचे विद्यार्थी आणि मित्र होते, ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. एक दांपत्य परदेशातून आलं आणि नवरा-बायको मिळून शाळा चालवता येते हे त्याने दाखवलं. दुसऱ्या दांपत्याने तेच काम या मातीतून उभं केलं, शेणगोळे झेलून. मला या दोन जोडप्यांत स्पर्धा लावायची नाही. विल्सनबाईंच्या शाळेत बसलेल्या किती मुली ख्रिस्ती झाल्या हा प्रश्न आता फारसा कुणाला पडत नाही. त्या वाचायला शिकल्या, ही बाब उरली.

जॉन विल्सन १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच वारले. सेहेचाळीस वर्षं त्यांनी या शहरात काढली. कॉलेजला त्यांचं नाव मिळालं ते रास्तच आहे. गावदेवीची शाळा आजही भरते, तिला दोनशे वर्षं पूर्ण व्हायला आता थोडाच अवकाश आहे.

भोर, नसरापूर, वाई, नगर, वडाळा, कोकणपट्टी, जिथे जिथे जुनी मिशनची शाळा किंवा दवाखाना होता, तिथल्या वाचकांना एक विनंती आहे. शाळेची जुनी हजेरीपत्रकं, चर्चची नोंदवही, कबरस्तानातल्या फरशा अजून वाचता येतात तोवर उतरवून घ्या. तिथे पाद्रीसाहेबांचं नाव कुणीतरी लिहून ठेवलेलंच असेल. तुम्ही मडमबाईचं आणि तिच्या हाताखाली पहिल्यांदा पाटी धरलेल्या मुलींची नावं शोधा.